सवचं कुंड आणि दोन फ्री थ्रो

विलास गेल्याचं कळलं ते कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर. दुपारी जेवताना फोन पाहिला, तर त्याच्या फोटोखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती. हृदयविकाराचा झटका, तुडीलच्या घरी, अंगणात. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं, मी गेलो तर एवढे लोक लिहितील का... खोटं कशाला बोलू, माझं पहिलं दुःखही जळकंच निघालं.

महाडच्या कॉलेजात आम्ही दोघं एकाच जागेसाठी धडपडायचो. तो तुडीलचा, मी पोलादपूरचा. बास्केटबॉल दोघांनीही कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा हातात धरला, पण तो पहिल्या पाचांत गेला आणि मी बाकावर बसलो. त्याची उंची जास्त, उडी जास्त, टाळ्याही जास्त. सर त्याला ‘विलासराव’ म्हणायचे आणि मला ‘अरे ए पोलादपूर’. डबासुद्धा त्याचाच आधी संपायचा, कारण सगळे त्याच्याच डब्यात हात घालायचे. याचाही मला राग यायचा.

शेवटच्या वर्षी साखळी सामने संपवून आमचा संघ विभागीय स्पर्धेच्या बाद फेरीत पोचला आणि चक्क अंतिम सामन्यापर्यंत गेला. सामना आमच्याच मैदानावर, दुपारी. सकाळी पोरं सवला गरम पाण्याच्या कुंडावर निघाली. अंग दुखलं की सवला जायचं, ही आमच्याकडे घरोघरची रीत. सरांनी मात्र मला बाजूला घेऊन बजावलं होतं, सामन्याआधी कुणाला कुंडात बसू देऊ नकोस, पाय सैल पडतात. बाकीचे पाय बुडवून उठले. विलास गळ्यापर्यंत बसला होता. “उठू काय रे अंता?” त्याने विचारलं. सरांचं बोलणं मला चांगलं आठवत होतं. “बस रे अजून, घाई नाय,” मी म्हणालो. दुपारी तो पाय ओढत खेळला. शेवटच्या क्षणी, आम्ही एका गुणाने मागे असताना, त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. आम्ही हरलो... बाकावरून उठताना माझे पाय मात्र ताजे होते.

पंचवीस वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नाही. गेल्या रविवारी वीर स्टेशनला उतरून रिक्षा केली, तुडीलला गेलो आणि त्याच्या बायकोला, सुरेखावहिनींना, सगळं सांगून टाकलं. त्या चहा पुढे ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “भावोजी, त्यांना ताप होता त्या दिवशी. थंडी वाजत होती म्हणून बसले कुंडात. तुम्ही उठ बोलला असतात तरी उठले नसते.”

“मग सरांना का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर त्यांच्या जागी तुम्हाला मैदानात उतरवलं असतं ना. अंता एकदा खेळला की माझी जागा गेली, असं बोलायचे. त्याच्यासारखा नेम आपला नाय हाय, बोलायचे. लय भ्यायचे तुम्हाला.”

विलास मला भ्यायचा. समोर त्याच्या फोटोला ताजा हार होता, वहिनी डोळे पुसत होत्या, आणि मला आनंद झाला. इतका, की चहाचा कप खाली ठेवावा लागला. मग लाज वाटली... आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो समोर असायला हवा होता असं वाटलं.