ताट धुऊन पिणारी आक्का

आक्का जेवली की ताटात घोटभर पाणी ओतायची, बोटानं ताट चहूकडून निपटून घ्यायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. भाकरीचा चुरा असो, मिठाचा खडा असो, सगळं त्या पाण्याबरोबर पोटात. मग ताट पुसून भिंतीला उभं करायची. लिंगायतांच्या जुन्या घरांत ही रीत होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. पुढ्यात आलेलं अन्न प्रसाद, आणि प्रसाद मोरीत जात नाही. आम्ही त्या घरचे नाही. मला ते बघवायचं नाही. 'ताटधुवी' हे नाव तिला मीच पाडलं आणि गावानं उचललं. तिच्या कानावर गेलं तर म्हणाली, "बरं हाय की. किसनानं फुकट काय तरी दिलं."

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. आक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी थोरली. नवरा लवकर गेला, एक लेक उदगीरला दिलेली. लोकांची हळद-मिरची कुटून देऊन ती पोट भरायची. मुसळ हाणतानासुद्धा तिचा चेहरा असा, की जणू कुणी तिचे पाय चेपून देतंय. माझा स्वभाव उलटा. माझ्या बैलानं मान हलवली तरी मला राग यायचा. त्यामुळं तिची ती शांती मला कुसळासारखी टोचायची.

उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या आगंमागंच्या वर्षांत पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली. गावची विहीर आटली. तळाला गाळ, गाळाला भेगा. अशा दिवसांतही आक्का सकाळी ओट्यावर बसायची, गळ्यातल्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि त्याच्यावर पळीभर पाणी घालायची. एकदा मला राहवलं नाही.

"आक्का, माणसांना प्यायला न्हाई अन् तू दगडाला आंघोळ घालून राहिलीस?"

तिनं तळहातातलं पाणी पिऊन टाकलं, तोंड पुसलं. "देवाला घातलं, मीच पिले. तुझं काय कमी झालं?"

मी खडा लाथाडत घरी गेलो. मलाच लागलं.

त्या उन्हाळ्यात माझी बायको दोन म्हशी घेऊन इस्लापूरला भावाकडं निघून गेली. तिकडं जंगल, नदी, पाणी. जाताना उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "गावात टँकर आला की निरोप धाडा. त्याच्याबिगर मी पाय ठेवणार न्हाई." मी म्हणालो, नको ठेवू. म्हणालो खरं, पण भाकरी थापायला बसलो की हाताला चटके अन् डोळ्यांत पाणी. धूर होता म्हणा.

टँकर आधी येत होता. नव्या जिल्ह्याच्या याद्या झाल्या, त्यात आमच्या गावाचं नावच गळलं. विहीर आटल्याचा पंचनामा उस्मानाबादेत, यादी लातुरात, आणि गाव मधल्या मध्ये कोरडं. मी लातूरच्या एका कचेरीत दोन खेपा घातल्या. दोन्हीदा भांडून आलो. दुसऱ्यांदा तर शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. तिसऱ्या खेपेला मी आक्काला म्हणालो, तू चल. मी तिसरी शिकलेला, सरकारी कागद वाचताना अडखळायचो. तिला वाचता यायचं. शिवाय म्हाताऱ्या बाईला कुणी दंडाला धरत नाही, हाही हिशेब होता.

सकाळपासून बसलो. साहेब मीटिंगला. साहेब फोनवर. बाकड्यावर मी सारखा उठबस करत होतो आणि शेजारी ही बाई देवळात बसल्यासारखी. दुपार झाली तसं तिनं गाठोडं सोडलं. ताटली काढली, भाकरी-चटणी मला वाढली, आपण खाल्ली. आणि नेहमीप्रमाणं तांब्यातलं घोटभर पाणी ताटलीत ओतून, निपटून, पिऊन टाकलं. तेवढ्यात साहेब दारातून आत येत होता. थबकला. तरुण होता, तिकडचा पुण्याकडला असावा. त्याचा चेहरा पार उतरला.

"या, आत या आजी," म्हणाला. खुर्ची दिली तिला. मला नाही. म्हणाला, "पंचनामा नंतर बघू. मी माझ्या अधिकारात टँकर सुरू करतो. ताट धुतलेलं पाणी प्यायची वेळ आली माणसांवर!" आणि त्यानं पेन उघडलं.

मी मनात म्हणालो, जिंकलो. इस्लापूरला निरोप कुणाबरोबर धाडायचा तेही ठरवून टाकलं.

आणि आक्का बोलली. "सायेब, तसं न्हाई. ही आमची रीतच हाय. विहीर भरल्याली असली तरी आम्ही असंच पितो."

साहेबानं वर बघितलं. "म्हणजे पाण्याची तशी अडचण नाही?"

"अडचण लई हाय. पर ताटाचा अन् तिचा संबंध न्हाई."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिनं पाय काढून घेतला. साहेब जरा ओशाळला, जरा हसला. फसलो की काय असं त्याला वाटलं असावं. पेनाला टोपण लावून म्हणाला, "मग रीतसर पंचनाम्याची नक्कल आणा. नियमानं होईल."

परतीच्या येष्टीत मी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडलो. "गप बसायला काय झालं होतं तुला? खोटं बोल म्हणालो का मी? नुसतं गप बस!"

"त्यानं चुकीचं समजून सही केली असती किसना."

"करू द्यायची! पाणी खरं आलं असतं की!"

"माझं ताट देवाचं हाय," ती म्हणाली. "ते भिकंला कसं पुढं करू?"

पुढच्या सीटवरचा एक जण मागं वळून म्हणाला, "पाव्हणं, आईसंगं असं बोलू नये." मी म्हणालो, ही माझी आई असती तर मी घर सोडून पळालो असतो. गाडी हसली. आक्कासुद्धा हसली. मला त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती एकटी उस्मानाबादला गेली. मला विचारलंही नाही. तिथं बसली, परत आली, पुन्हा गेली. नक्कल मिळाली, लातूरला दिली, सही झाली. यात अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत गावातली तीन घरं उठली. लोहाराचं, सटवाच्या आईचं आणि वेशीजवळच्या मारुतीचं. कुणी नांदेडला गेलं, कुणी कुठं. दाराला काट्या लावून गेली ती गेलीच. मी आक्काच्या ओट्यासमोर उभा राहून सांगितलं, "ही तीन घरं तुझ्या खरेपणानं उठवली." ती मिरची कुटत होती. मुसळ खाली ठेवलं. तिचा तसा चेहरा मी त्याआधी बघितला नव्हता, आणि मला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

टँकर आला. पाणी विहिरीत सोडायचे आणि लोक शेंदून घ्यायचे. पहिल्या दिवशी डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा आक्का विहिरीच्या काठावर जाऊन बसली. कुणी नेमली नव्हती. घराघराची नावं घेऊन ती पाळी लावायला लागली. मागच्या खेपेला जे शेवटी, ते यावेळी आधी. मी म्हणालो, खेपा मी घातल्या, पहिला हंडा माझा. ती म्हणाली, "तुझी पाळी नववी." आणि हाक मारली, "लोहार!"

ती थोडी थांबली. "सटवाची आई!" थांबली. "वेशीजवळचा मारुती!" पुन्हा थांबली. मग हजर असलेल्यांची नावं सुरू केली. प्रत्येक टँकरला असंच. तीन नावं आधी, प्रत्येकाला एक श्वास. उन्हात हंडे घेऊन उभ्या बाया वैतागायच्या. मी तर उघडच म्हणालो, "गेलेल्या माणसांना हाका मारून काय मिळतंय तुला?"

"माझ्या ताटापायी गेले ते," ती म्हणाली. "मी त्या दिवशी चुकले असं न्हाई म्हणत. पर गेले ते गेले. हाक तरी मारू दे."

तेव्हा मला कळलं की तिला सगळं जड जात होतं. आम्ही ते ओरडून हलकं करायचो, ती ते उचलून चालायची. कळलं, पण मी तिला तसं सांगितलं नाही. मला कुणाचं मोठेपण तोंडावर सांगायची सवय नाही.

बायको इस्लापूरहून आली. पहिल्याच दिवशी पाळीला उभी राहिली, आणि घरी येऊन म्हणाली, "तुमच्यापरीस आक्काची शिस्त बरी." मी हंडा आपटला. पाणी सांडलं म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली.

आक्का पुढं बरीच वर्षं होती. शेवटी लेकीकडं उदगीरला गेली, पण मातीला गावातच आणली. त्यांच्या रीतीप्रमाणं बसवूनच ठेवली होती, लिंग हातात, कपाळाला भस्म. माणूस मेलं असं वाटेना. कुणाची तरी वाट बघत बाकड्यावर बसलीय असं वाटत होतं. मला त्या कचेरीची आठवण आली आणि तिथंही मी चिडलो. माती मी दोन्ही हातांनी भराभर लोटली ती रागानं, असं मी माझ्या पोराला सांगितलं.

आता गावात नळ आहेत. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, आणि आलं की गल्लीत तेच, तू पुढं का मी पुढं. मला काठी टेकत ओट्यावर यायला वेळ लागतो. पण येतो, आणि आधी तीन नावं मोठ्यानं घेतो. लोहार. सटवाची आई. वेशीजवळचा मारुती. नव्या सुनांना वाटतं म्हातारा चळला. वाटू दे.

ताट मी धुऊन पीत नाही. तेवढा हट्ट राखून आहे. आणि शांत वगैरे मी काही झालेलो नाही; कालच पाण्यावरून पुतण्याशी भांडलो. पण ती तीन नावं घेईपर्यंत गल्ली गप्प राहते, आणि त्या तेवढ्या वेळात मीही कुणावर चिडलेला नसतो.