कॉकपिटमधली टकटक

माझी धाकटी बहीण पंचशीला जन्मली त्या साली लातूर जिल्हा नवा झाला. म्हणून शिरूर अनंतपाळला आमची आजी साखराबाई तिला 'कलेक्टर' म्हणायची. कलेक्टर काही ती झाली नाही. इंजिनिअर झाली आणि दिल्लीला सरकारी नोकरीत लागली. काम काय, तर पडलेल्या विमानातलं रेकॉर्डिंग ऐकायचं. विमानात दोन यंत्रं असतात. एक आतलं बोलणं आणि सगळे आवाज टिपतं, दुसरं वेग, उंची, नाकाचा कल नोंदवतं. माणसं वाचली नाहीत तरी ही यंत्रं बहुतेक वाचतात.

आईला हे काम कधी पटलं नाही. "मेलेल्या लेकरांचं बोलणं दिवसभर ऐकतीस, जेवण कसं जातं गं तुला?"

"कुणीतरी ऐकायला पाहिजे ना, आई," एवढंच ती म्हणायची.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते दुष्काळाचं साल. ढगात मीठ फवारून पाऊस पाडायला एका खासगी कंपनीचं विमान आलं होतं. ते नांदेडहून उडालं आणि भोकरच्या अलीकडे शेतात पडलं. दोघं गेले. चालवणारा शरणप्पा आमच्या लातूरचा. गंजगोलाईत महादेवप्पांचं किराणा दुकान आहे, त्यांचा एकुलता एक मुलगा.

तपास पंचशीलाच्या ऑफिसकडे गेला आणि थोड्याच दिवसांत पेपरात बातमी फुटली. लहान विमानात वैमानिकाची खुर्ची रुळावर पुढं-मागं सरकते आणि खिट्टीनं पक्की करतात. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी धातूची टकटक ऐकू येत होती आणि त्याच वेळी विमानाचं नाक वर गेलं होतं. म्हणजे खिट्टी लावलेली नव्हती, खुर्ची मागं घसरली, हातातलं विमान वळवायचं हँडल त्याच्यासोबत ओढलं गेलं, असा तर्क. बाजारात मग काय! महादेवप्पांच्या शेजारचे दुकानदार चन्नबसप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "खुर्चीची खिट्टी लावता येईना, अन् निघाला पाऊस पाडायला!"

पंचशीला अपघाताची जागा पुन्हा बघायला आली तेव्हा लातूरला माझ्याकडे उतरली. कुणी सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बुद्धवंदना आटोपते न आटोपते तोच शरणप्पाची आई उमाबाई दारात.

"मला त्याचा आवाज ऐकवा. एकदाच."

"नाही ऐकवता येत, काकू. कायदा आहे. अन् तपासाचंही काही सांगता येत नाही."

"मग एवढं सांगा, खिट्टी लावली नव्हती का त्यानं?"

"तेही नाही सांगता येत, काकू." मला तिचा रागच आला.

उमाबाई आत येऊन टेकल्या, म्हणाल्या, "पाणी हाय का घोटभर?" आमच्या घरचं त्यांना चालेल का, असा विचार माझ्या मनात येईपर्यंत त्या स्वतःच घागरीवर वाकल्या. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पुढं झुलली आणि घागरीच्या काठाला लागली. टक्. त्या पेला बुडवत होत्या. पुन्हा टक्, टक्.

पंचशीला उठून उभी राहिली.

"काकू, शरणप्पाच्या गळ्यात पण होतं का लिंग?"

"असणारच की! लिंगायताचं लेकरू, लिंग काढून ठेवतंय व्हय? अन् दोरी तर ही लांब. जेवताना ताटाला टकटक लागायची. मी ओरडायचे, 'शरणू, आत घाल ते.' ऐकायचा नाही."

त्या गेल्यावर पंचशीलानं दिल्लीला फोन लावला. मृतांच्या सामानात एक चांदीची डबी होती. तिथल्या लोकांनी ती दागिना म्हणून बांधून ठेवली होती. तिचे साहेब हसले म्हणे, "तू लातूरची. तू गावाच्याच बाजूनं बोलणार."

"म्हणूनच चाचणी मी करणार नाही, सर. तुम्ही करा. मला नुसते आवाज द्या, कुठला कशाचा ते सांगू नका."

तसंच झालं. त्याच जातीच्या विमानात दोन्ही इंजिनं चालू ठेवून तीच डबी एका वैमानिकाच्या गळ्यात घातली आणि हँडलला लागू दिली. खुर्चीची खिट्टीही सोडून बघितली. निरनिराळे आवाज टिपून पंचशीलाला दिले. प्रत्येक आवाजाचा कॉम्प्युटरवर आलेख निघतो. तिनं ते रेकॉर्डिंगमधल्या टकटकीशी जुळवले. जुळला तो डबीचा.

ती तेवढ्यावर थांबली नाही. हँडल वीतभरच मागं येतं; खुर्ची रुळाच्या टोकापर्यंत मागं गेली असती तर डबी हँडलपर्यंत पोचलीच नसती. आणि टकटक तर शेवटपर्यंत होती. म्हणजे शरणप्पा शेवटपर्यंत पुढंच बसून होता. मग नाक वर का गेलं? तिनं दोन्ही प्रोपेलरची घरघर वेगवेगळी काढली. उजवीकडची आधीच मंदावली होती. अवशेष तपासले तर त्या इंजिनाच्या इंधनात पाणी निघालं. उडण्याआधी ते तपासायचं काम कंपनीच्या माणसांनी केलंच नव्हतं.

हे सगळं तिनं मला अहवाल जाहीर झाल्यावरच सांगितलं. अहवालाची दोन पानं मराठीत लिहून ती स्वतः लातूरला आली आणि मला घेऊन महादेवप्पांच्या दुकानात गेली.

"काकू, खिट्टी लावलेली होती."

उमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अजून आहे, काकू. एक इंजिन बंद पडल्यावर शरणप्पा माघारी नांदेडकडं वळला. एवढ्या कमी उंचीवर वळायचं नसतं. नाक वर धरून वळला, वेग गेला. सरळ जाऊन शेतात उतरवलं असतं तर कदाचित वाचले असते. तेही दुसऱ्या पानावर लिहिलंय."

महादेवप्पा चिडले. "लेकरू गेलं आमचं. हे लिवायलाच पाहिजे होतं का?"

"हाव काका. हे गाळलं असतं तर खिट्टीचंही कुणी खरं मानलं नसतं."

ते पानं घेऊन आत निघाले होते. उमाबाईंनी हातातून काढून घेतली, गव्हाच्या पिठाची खळ केली आणि दुकानाच्या खांबाला चिकटवली. दोन्ही पानं, शेजारी शेजारी.

चन्नबसप्पा आले. चष्मा वर-खाली करत पहिलं पान वाचलं. "खिट्टी लावली होती की पोरानं," हळूच म्हणाले आणि वळायला लागले.

"थांबा भावजी," उमाबाई म्हणाल्या. "दुसरं पान बी वाचा. मोठ्यानं वाचा."