पाठ टेकण्यापुरती वाळू

नागसेनला एका दिवसाची सुट्टी मिळणार होती आणि त्या दिवसात त्याला आईला वाळू दाखवायची होती. तो सीमा सुरक्षा दलात, नेमणूक जैसलमेरकडे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात नजर पोहोचेल तिथवर वाळूच्या टेकड्या आहेत, असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हापासून त्याच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या जिवाला चैन नव्हते.

त्यांचा अर्धा जन्म घनसावंगीकडे, गोदावरीच्या पात्रात गेला होता. पाणी ओसरले की त्या आणि त्यांचे पती साहेबराव वाळूत चर खणून टरबुजाची वाडी लावत, आणि फळ धरले की राखणीला तिथेच मुक्काम करत. पुढे वाळू ट्रकांत भरून शहरांकडे गेली. मागे चिखल आणि बाभळी उरल्या. वाळूमागोमाग साहेबरावही गेले. चांगुणाबाई बदनापूरला मुलीकडे राहायला आल्या. फरशीवर अंथरूण घातले की पाठ आपली जागा शोधत राही. कोणाला सांगावे असे ते दुखणे नव्हते.

मुलगी संध्या शाळेत शिक्षिका. सहलीची आखणी तिच्याकडे. जैसलमेरहून पहाटे निघायचे, टेकड्या बघायच्या आणि ऊन तापायच्या आत परतायचे. पाण्याच्या किती बाटल्या लागतील, असे ती स्वतःशीच पुटपुटली, तशा चांगुणाबाई हसल्या.

"वाळूत जाताना पाणी घ्यून जातेत व्हय गं? गावात ऐकलं तर हसतेल लोकं."

"मंग प्यायचं काय?"

"हातभर उकरायचं. पाण्याचा झिरा लागतोच. आम्ही काय घरून घागरी नेत होतो?"

संध्याने परोपरीने समजावले. पटेना. अखेर तिने नागसेनला व्हिडिओ कॉल लावून दिला. तो चौकीबाहेर, वाळूतच उभा होता.

"नाग्या, उकर बरं जरा."

"आत्ता?"

"न्हाई, मुहूर्त काढते!"

मोबाईल सोबत्याच्या हाती देऊन नागसेन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागला. खड्डा होई, आणि कडेची वाळू घरंगळून तो बुजवून टाकी. हात कोपरापर्यंत आत गेला, तरी वाळूचा रंगसुद्धा बदलला नाही.

"माय, हिला पाणी नसतंय."

पाण्यावाचून वाळू असते, हे चांगुणाबाईंच्या कधी मनातही आले नव्हते. इतके दिवस त्या जिच्यासाठी झुरत होत्या, ती ही नव्हेच.

"तिकिटं मोड, संध्ये. ही आपली वाळू न्हाई."

तिकडे नागसेन हात न झटकता तसाच बसून राहिला. त्याच्या मागे ऊन कलले होते आणि टेकडीची सावली हळूहळू त्याच्यापर्यंत येत होती. चांगुणाबाईंची नजर त्या सावलीवर खिळली.

"नाग्या, दिवस बुडाल्यावर गार पडती का रे ही?"

"पडती की. वरून गार, अन् आत हात घातला की कोमट."

वाडीवर असाच दिवस बुडाला की साहेबराव वाळूवर अंग टाकत आणि म्हणत, "ये, पाठ टेक."

"मंग सकाळचं नको," त्या म्हणाल्या. "कलत्या उन्हाचं जाऊ."

संध्याने आखणी बदलली. बाटल्यांवरून पुन्हा वाद झाला नाही.

"अन् तितं हे बघ, ते बघ करू नका. उंटावर तर मी बिलकुल बसायची न्हाई. मला नुसतं पडू द्या."

"पड की, माय. पर गाडीवाला लई वेळ थांबायचा न्हाई," नागसेन म्हणाला.

"बराबर हाय. मंग तवा हाक मार मला," चांगुणाबाई म्हणाल्या. "पर हळू मार."