मधल्या खोलीची ओल

नातू झाला तो सुनेच्या माहेरी, दौंडकडं. पहिलं बाळंतपण माहेरी, ती रीतच आहे. दिवाळीला सून त्याला घेऊन आमच्याकडं शिरूरला आली, आणि आठवडाभरातच पोराची छाती मांजरासारखी घरघरायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, औषध लिहिता लिहिता विचारलं, "घरात ओल आहे का?"

मी पटकन म्हणाले, "न्हाई हो, घर चांगलं हाय आमचं."

मुलानं मात्र सांगून टाकलं, "हाय डॉक्टर. मधल्या खोलीत भिंतीला बुरा येतो."

"मग बाळाला कोरड्या जागेत ठेवा," डॉक्टर म्हणाले. झालं. सून पोराला घेऊन परत दौंडला गेली. एसटीत चढताना म्हणाली, "भिंतीचं तेवढं बघा आत्या, मग लगेच येते मी." ती मनापासून बोलली होती, हे आता कळतं. तेव्हा मला ते टोचलं. मी म्हटलं, आम्ही इतकी वर्षं त्याच खोलीत झोपलो, आम्हाला नाही काही झालं.

आमचं घर भाड्याचं. दगडमातीच्या जुन्या भिंती, वरून कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, डोक्यावर पत्रा. तीन खोल्या एकामागं एक, रेल्वेच्या डब्यासारख्या. मधल्या खोलीला खिडकी नाही, पण थंडीत ऊब असते, म्हणून बाळंतिणीला तीच द्यायची हे मी मुलाचं लग्न ठरल्यापासून मनात धरलेलं. मालकीणबाई शेजारच्या भागात राहतात. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. माणूस चांगला, पण भिंतीचा विषय काढला की सगळा दोष आमच्या पदरात. "तुम्ही दारं लावून बसता, वारा कुठनं येणार?" असं त्या म्हणायच्या. "तुमचं पन्हाळ गळतंय वहिनी, ते बघा आधी," असं मी म्हणायचे. यात कितीतरी वर्षं गेली. भांडण नाही हो, चहा पिता पिताच चालायचं सगळं.

तर सून गेली आणि मी पदर खोचला. नातवाला घरी आणायचं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. भिंत आधी घासणीनं घासली. काळं काळं निघालं, खाली पाण्याचा काळा ओघळ आला, मला वाटलं जिंकले. पंधरा दिवसांत पुन्हा तिथंच ठिपके, आधी तिळाएवढे, मग बोराएवढे. मग ब्लिचिंग पावडर लावली. डोळ्यांतून पाणी काढलं तिनं माझ्या, पण बुरा काही हटला नाही. मग शेगडीवर कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिली, बाळंतिणीला देतात तशी. खोलीभर धूर झाला आणि वहिनी धावत आल्या, "अहो, पेटवता का काय घर?" मग मुलानं ऑइलपेंट आणला. भिंत दोन दिवस आरशासारखी चकाकली. पुढं तिला फोड आले, भाजलेल्या माणसाला येतात तसे, आणि फोड फुटले की आतून ओली माती.

शेवटी मी फ्लेक्स लावला. आता ही गोष्ट सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला ती फार शहाणपणाची वाटली होती. आमच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, चार दिवसांनी ते उतरवतात आणि कुणी गोठ्यावर टाकतं, कुणी गाडीवर. एका भावी नगरसेवकाचा भला मोठा फ्लेक्स मुलानं मागून आणला. आम्ही तो छापील बाजू आत करून, भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकून बसवला. साहेबांनी माझ्या घरात बघत कशाला बसायचं? वरून जुन्या साडीचा पडदा सोडला. पोराचा हात भिंतीला लागणार नाही, बुरा बाहेर येणार नाही, असा माझा हिशेब. खोली अगदी नवी दिसायला लागली. मी सुनेला फोन केला, "झालं गं भिंतीचं. संक्रांतीला ये, बोरन्हाण इथंच करू."

ती आली. बरोबर तिची आई, म्हणजे माझी विहीण. सुनेनं कपड्यांची मोठी बॅग आणली होती, म्हणजे राहायलाच आली होती. ती बॅग बघून मला इतका आनंद झाला की मी पहिल्यांदा बॅगच आत नेऊन ठेवली. नातवाला काळं झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे ओतले. गल्लीतली पोरं बत्ताशांवर तुटून पडली. तो बापडा गोंधळून सगळ्यांकडं बघत होता. नंतर पेंगायला लागला म्हणून विहीणबाई त्याला घेऊन मधल्या खोलीत गेल्या. मी आणि वहिनी मागोमाग.

विहीणबाईंनी नाक वर करून वास घेतला. "हे पडद्यामागं काय लावलंय, विहीणबाई?"

"भिंत गार पडती म्हणून लावलंय," मी म्हटलं.

त्यांनी पोराला सुनेकडं दिलं, पडदा सारला आणि फ्लेक्सचं एक टोक उचललं. आतून वास आला, बंद माठाचं झाकण काढल्यावर येतो तसा. पाण्याचे थेंब घरंगळले. त्यांनी आणखी वर उचललं, तर साहेबांचा हसरा चेहरा दिसला, आणि गालापासून हनुवटीपर्यंत काळा बुरा.

"अगंबाई, साहेबांना दाढी फुटली की!" वहिनी म्हणाल्या. "आता न्हावी बोलवा, भाडेकरूच्या खर्चानं."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. सून तेवढी हसली नाही. पोराला घेऊन ती हळूच पुढच्या खोलीत गेली.

विहीणबाईंनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण त्या भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता पाऊस कुठाय? दिवाळीपासनं थेंब न्हाई. मग हिला पाणी पाजतंय कोण?"

"पन्हाळ गळतंय," मी म्हटलं.

"पाऊसच न्हाई तर पन्हाळातनं काय गळंल?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, 'बघा, मी सांगत नव्हते?' अशा नजरेनं. पण विहीणबाई थांबल्या नाहीत. मागच्या दारानं परसात गेल्या. परस बाजूनं मधल्या खोलीपर्यंत येतं, तिथं तिच्या भिंतीला लागून माझं अळू होतं, कमरेएवढं, पानं सुपाएवढी. गल्लीत कुणाकडं सण असो, पाहुणा असो, वड्यांना पानं माझ्याकडूनच जायची. विहीणबाई बघत राहिल्या. "कुणी लावलं हे?"

"मीच की," मी कौतुकानं म्हटलं. "न्हाणीचं पाणी वाया जायचं, म्हणून चर काढून इकडं वळवलं."

"कवापासनं?"

"मुलगा शाळेत होता तवापासनं."

त्या खाली बसल्या. भिंतीच्या बुडाची माती बोटानं उकरली. चिखल. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमचं अळू पितंय घोटभर, आन् भिंत पिती घागरभर. आमच्याकडं कॅनॉलला पाणी सुटलं, की काठाची घरं अशीच पाझरत्यात. माझ्या सासऱ्यांनी राहतं घर सोडून वर उंचावर बांधलं. पाणी एकदा भिंतीत शिरलं, की लवकर न्हाई निघत."

माझं माहेर पाबळच्या बाजूचं. तिथं आम्ही अंघोळ करायचो ती घमेल्यात उभं राहून, आणि तेच पाणी पुन्हा वेलाला. हातून तांब्याभर पाणी सांडलं तर तेल सांडल्यासारखी आई कळवळायची. इथं नळ आहे म्हणून मी या घराला हो म्हटलं होतं, दुसरं काही बघितलंच नव्हतं. पाणी जास्त झालं म्हणून काही बिघडतं, असं मला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीच्या आतल्या बाजूला मी ब्लिचिंग लावत होते, आणि बाहेरच्या बाजूला रोज सकाळी बादल्या ओतत होते. दोन्ही सारख्याच मायेनं.

संध्याकाळच्या गाडीनं ती तिघं गेली. बॅगही गेली. विहीणबाई जाताना म्हणाल्या, "उन्हाळाभर वाळू द्या. मग आमची पोरगी तुमचीच हाय."

मी उजेड होता तोवर अळू उपटत बसले. गड्डे खोल गेलेले, निघता निघेनात. वहिनी दारात उभ्या. "सगळंच काढता? गौरीला पानं कुठनं आणायची आता?" मी म्हटलं, "बाजारातनं." माझा आवाज जरा चढला असेल. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं स्वतःचं खुरपं घेऊन आल्या. आम्ही दोघी खणत राहिलो. पन्हाळाचं मी नंतर कधी बोलले नाही, दारांचं त्याही बोलल्या नाहीत.

मुलानं न्हाणीचं पाणी पाइपनं गटारीला सोडलं. रविवारी बसून आतला गिलावा खरवडून काढला, फ्लेक्स फेकून दिला. भिंत उघडी पडली, दगड आणि माती. मी दोन्हीकडची दारं दिवसभर उघडी ठेवायचे. भिंत वाळायला लागली, पण कशी? वरून हातभर, मग आठ दिवस काहीच नाही, मग एखादा दगड पांढरा पडायचा. मी फोनवर सांगायचे, "वाळतीय गं, छातीपर्यंत आली." सून म्हणायची, "होऊ द्या आत्या, सावकाश."

सावकाश म्हणायला तिला काय झालं, पोर तिच्याजवळ होतं. माझा मुलगा मात्र शिरूरहून सणसवाडीला कंपनीत जायचा, शिफ्ट करायचा आणि सुट्टीच्या दिवशी दौंड गाठायचा. कधी ओव्हरटाइम लागला तर तेही नाही. एकदा जेवताना मोबाईलवर पोराचा व्हिडिओ बघत होता. पोर पालथं पडून मान उचलत होतं. मुलगा म्हणाला, "आई, अजून किती दिवस गं?"

"अक्षय्य तृतीयेपर्यंत वाळंल बघ."

"तोवर तो रांगायला लागंल," तो म्हणाला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्याच आठवड्यात त्यानं शिक्रापूरला दोन खोल्यांची जागा बघितली. नवी इमारत, तिसरा मजला, दोन बाजूंनी खिडक्या. खाली हायवे, ट्रकची घरघर रात्रंदिवस, पण भिंती कोरड्या. गुढीपाडव्याला सून दौंडहून थेट तिकडं गेली. मी जाऊन दूध उतू घालून आले. नातू तिथंच रांगला, तिथंच धरून उभा राहिला. मी जाते अधूनमधून, तो ओळखतो मला, हात पुढं करतो. "तू पण चल," मुलगा म्हणतो, पण त्या दोन खोल्यांत मी कुठं मावणार, आणि मला त्या जिन्यानं दम लागतो.

माझी भिंत वाळली ती मे महिन्यात. बुडापर्यंत वाळली. मी चुना आणून लावला, मातीच्या भिंतीला तोच बरा म्हणतात. खोली पांढरी शुभ्र.

त्या सुमाराला मुलगा टेम्पो घेऊन आला. "आई, पाळणा न्यायचा हाय." त्याचाच लहानपणचा लोखंडी पाळणा, मी धुऊनपुसून मधल्या खोलीत जोडून ठेवला होता. त्यानं पाना काढला आणि नट सैल करायला बसला. मध्येच उठला, भिंतीवरून हात फिरवला, मग गाल लावून बघितला.

"वाळली की गं, आई."

"वाळली."

"पार कोरडी झाली."

"व्हय."

तो परत नटाशी बसला. म्हणाला, "तिनं तिकडं सगळं मांडलंय आता. शेजारणी पण चांगल्या भेटल्या. आन् ड्युटी जवळ पडती मला."

"मी कुठं काय म्हणते?" मी म्हटलं. "तो पाय धर, मी हा धरते. तिकडच्या भिंती नीट बघितल्यात ना?"

"तिनं बघितल्या. पहिल्यांदा भिंतीच बघितल्या, ओटा नंतर. दुसऱ्या एका घरी तर मालकासमोर कपाट सरकवून मागं हात घातला."

"बरं केलं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी पाळणा उचलून टेम्पोत चढवला.