सकुबाईचा कान

सकुबाईची नक्कल आमच्या पाड्यावर फक्त मला जमते. डोळे मिटायचे, मान तिरकी करायची, कान पोटुशीच्या पोटाला टेकवायचा आणि दोन बोटांनी तांब्यावर वाजवायचं: टुकटुक, टुकटुक. आतलं काळीज धावतं तसं. पूर्वी ती सुईण होती. आता बाळंतपणं मुरबाडच्या दवाखान्यात होतात, तरी पाचवा महिना सरला की पार वैशाखरे गावापर्यंतच्या बायका तिच्याकडून ठोके ऐकून जातात. ती ऐकायला लागली की ओटीवरच्या कोंबड्यासुद्धा पाय हळू टाकतात, असं मला वाटतं.

माझ्या रुपालीवहिनीला चौथा महिना लागत होता. ओकारी थांबत नव्हती. आई म्हणायची, "होऊ दे गो. ओकारी जोराची, तर पोर पण जोराचं." पोट मात्र पाच महिन्यांच्या वर दिसत होतं. जुळी येणार म्हणून पंकजदादा दोन झोळ्यांची दोरी वळत बसलेला.

पौषातल्या एका सकाळी धुकं विरघळत होतं आणि सकुबाई पेंढ्यावर बसून ऊन खात होती. तिला हसवायला मी वहिनीची ओकारी करून दाखवली. आधी मागच्या महिन्यातली, हंडा उपडा केल्यासारखी. मग आताची. कोरडी, मधेच तुटणारी, शेवटी नुसता श्वास.

सकुबाई हसली नाही. "पुन्ना कर."

केली.

"पाणी ठरतं का तिला?"

"घोटभर पण नाय. लघवीला दिवसातून एकदाच जाते."

ती उठली ती थेट आमच्या ओटीवर. वहिनीच्या पोटाला कान लावून तिने डोळे मिटले. मी तांब्या पुढे सरकवला. बोटं वर गेली आणि तशीच राहिली. उरलंसुरलं धुकं ओटीवर येत होतं, वहिनी त्यातून तरंगत लांब चालल्यासारखी दिसत होती.

"एवढ्या पोटात ठोका लागाया पायजे," सकुबाई म्हणाली. "दोन असते तर दोन. इथं एक पण नाय."

"मावशे, डोहाळेच ते," आई म्हणाली.

"सुंदरेला पण मी हेच बोलले होते."

सुंदरा तिची धाकटी बहीण. पोटुशी असताना ओकून ओकूनच गेली. सकुबाईच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"पंकज, ठेव ती दोरी. जीप बघ."

दवाखान्यात सलाईन लागली, रक्त-लघवी तपासली. कावीळ नव्हती, मूत्रपिंडालाही काही झालेलं नव्हतं. मग सोनोग्राफी झाली.

"द्राक्षगर्भ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाळ धरलेलंच नाही. पाण्याचे फुगे वाढलेत, घोसासारखे. म्हणून पोट मोठं, म्हणून ओकारी. अजून थांबला असता तर रक्तस्रावाने जीवावर आलं असतं."

दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी केली. फुगे पुन्हा धरत नाहीत ना हे बघायला पुढे कितीतरी आठवडे रक्त तपासायला यायचं, असं बजावलं.

वहिनी घरी आली तेव्हा दादाने त्या दोरीने गुरं बांधली होती. आईने पातळ पेज दिली. वहिनीने वाटी संपवली आणि आडवी झाली. आम्ही सगळे ओकारीची वाट बघत बसलो.

सकुबाईने हळूच तिच्या पोटाला कान टेकवला.

"आता काय ऐकतेस गो?" मी विचारलं.

"गप." तिचे डोळे मिटलेले. मग दोन बोटं तांब्यावर आली. टुक. "पेज उतरली."