लाभ दिसत नाही

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या शेटेबाई गेल्या वर्षी कार्तिकात, एका मंगळवारी सकाळी साडेसात वाजता वारल्या. वय एक्क्याऐंशी. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तीन वर्षे झाली होती.

बाईंनी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. मी त्यांचा विद्यार्थी आणि शेजारी. पुढे वर्तमानपत्रात उपसंपादक झालो. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी आमचा अंक तांबड्या पेन्सिलीने तपासून माझ्या दारात आणून देत. वर्गातली त्यांची मराठी छापील होती, गल्लीतली कोल्हापुरी.

“काय रं, ‘मृतदेह मृतावस्थेत आढळला’? जित्ता आढळणार हुता व्हय?”

“बाई, घाईत गेलं.”

“मग अकलेला सुट्टी हुती म्हण की.”

चूक कबूल केली की चहा मिळे. “चुकलं म्हटल्याबिगर सुधारत न्हाई कुणी,” हे त्यांचे ठरलेले वाक्य.

निदानाच्या सुमारास बरोबर शब्दांखाली तांबड्या रेघा येऊ लागल्या. पुढे अंक येणे थांबले. मुलगी गिरिजाताई बँकेत नोकरीला; घरात दोघीच. बाई दुपारभर दाराशी उभ्या राहून रडत. गिरिजाताईंनी काही विचारले की तोंड फिरवत.

डॉक्टर म्हणाले, आठवण परत येणार नाही, पण बोलण्याने भीती कमी होऊ शकते. सगळ्यांना ते लागू पडत नाही. समुपदेशक आठवड्याला एक, अशा आठ भेटी घेतील. उपयोग दिसला तर पुढे चालू, नाहीतर गोळ्या. त्या गोळ्यांनी माणूस दिवसभर झोपून राहतो, हेही त्यांनी सांगितले. गिरिजाताईंना गोळ्या नको होत्या.

त्या बँकेत असल्याने अर्ज मी भरला. रुग्णाची भाषा या रकान्यात ‘मराठी’ लिहिले. कुणाला विचारले नाही.

समुपदेशक तिशीतल्या होत्या. बाई त्यांच्यासमोर ताठ बसत, शाळा तपासायला साहेब आल्यासारख्या. कशी आहे तब्येत? “उत्तम आहे.” कशाची भीती वाटते का? “नाही.” पहिल्या भेटीत त्यांनी समुपदेशकांचे एक वाक्यही दुरुस्त केले. आठव्या भेटीनंतर अहवाल आला : भावना व्यक्त होत नाहीत. लाभ दिसत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. बाई बसल्या जागी झोपू लागल्या.

शेटे लिंगायत. श्रावणी सोमवारी त्यांच्याकडे पूजेला जंगम स्वामी येतात. नेहमीचे आजारी होते म्हणून संकेश्वरकडचे एक म्हातारे स्वामी आले. उंबऱ्यातूनच त्यांनी कानडीत विचारले, “आराम इद्दीरेन्री, अव्वा?” म्हणजे, बऱ्या आहात ना?

बाईंनी डोळे उघडले. स्वामींचा हात धरला आणि कानडीत बोलू लागल्या. चाळीस मिनिटे बोलल्या. त्या घरात कानडी कुणी कधी ऐकली नव्हती. पूजा तशीच राहिली.

“काय म्हणते आई?” गिरिजाताईंनी विचारले.

स्वामींनी मराठीत सांगितले, “अव्वा म्हणत्यात, हे घर कुणाचं ते कळंना. भ्या वाटतंय. एक पोरगी जेवू घालती, लई गुणाची हाय. पर तिचं नाव आठवंना. इचारलं तर पोरीला वाईट वाटंल, म्हणून तिच्याशी बोलत न्हाई म्हणत्यात.”

गिरिजाताईंच्या हातात नैवेद्याचे ताट होते. ते त्यांनी खाली ठेवले.

त्याच दिवशी मी समुपदेशकांना फोन करून सांगितले, रकाना चुकीचा भरला होता. त्या म्हणाल्या, विचारायला मलाही हवे होते. कानडी येणाऱ्या त्यांच्या एक सहकारी निपाणीला होत्या. त्यांना सवड मिळेपर्यंत दसरा उलटला. दरम्यान डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.

निपाणीच्या बाई तीनदा आल्या. पहिल्या भेटीत कळले की, लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर शेटेबाईंच्या मराठीला सासर हसले होते. त्या दिवसापासून त्यांनी कानडी बंद केली होती. तेव्हा वय एकोणीस. दुसऱ्या भेटीत त्या रडल्या. तिसरीनंतर संध्याकाळी स्वतःच्या हाताने जेवल्या.

गिरिजाताईंनी एक वाक्य पाठ केले होते : “ना गिरिजा, निन्न मगळ.” मी गिरिजा, तुझी मुलगी. खोलीत शिरताना, आईला आठवावे लागण्याआधीच, त्या ते म्हणत. आई नुसती बघे.

तिसऱ्या भेटीनंतरच्या सोमवारी त्या बँकेतून आल्या आणि नेहमीचे वाक्य म्हणाल्या. या वेळी आईने उत्तर दिले. ते त्यांना समजले नाही. त्यांनी आईकडून ते पुन्हा म्हणवून घेतले, फोनवर रेकॉर्ड करून निपाणीला पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाई गेल्या. निपाणीहून उत्तर नऊ वाजून दहा मिनिटांनी आले :

“त्या म्हणतायत, माहीत आहे. फार दमलीस, बस.”