जानरावांचा थांबा

आमच्या लेआउटच्या जाहिरातीत 'खामगाव फक्त दहा मिनिटांवर' असं छापलं होतं. कशाने, ते छापलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही, कारण खामगावात प्लॉट घ्यायची ऐपत नव्हती आणि इथे होती. नांदुरा रोडला शेतांच्या मधोमध तीस-चाळीस घरं, मुरमाचे रस्ते, आणि समोरून सुसाट जाणारी एसटी. थांबा दीड किलोमीटर मागे, फाट्यावर. मी खामगावला एका लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा गाडी घेऊन उलट्या दिशेला जातो, म्हणून मी रोज सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये अकरावी म्हणून स्वतःला कोंबून घेते.

त्यामुळे शेजारच्या घरात निवृत्त एसटी कंडक्टर राहायला येतोय हे कळलं तेव्हा मला वाटलं, सुटलो! जानराव इंगळे. एकतीस वर्षं याच रस्त्यावर नोकरी. हा माणूस नुसता उभा राहिला तरी गाडी थांबेल. त्यांचं सामान उतरत असतानाच मी चहा घेऊन गेले आणि गोड बोलून विषय काढला.

"थांबा कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"फाट्यावर."

"मंग गाडी फाट्यावर थांबन. इथं काऊन थांबन?"

चहा मात्र दोन कप घेतला.

असा हा माणूस. पायजमा-बनियनवर ओट्यावर बसून समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा हिशोब मोठ्याने सांगणार, "जळगाव बारा मिनिट लेट." काळी-पिवळीला हे 'अवैध वाहतूक' म्हणतात, आणि मी तिच्यात चढताना दिसले की तोंड फिरवून तुळशीकडे बघतात. जन्म एसटीत गेला, म्हणून मोटरसायकल शिकलेच नाहीत. कुठेही जायचं तर दीड किलोमीटर मागे चालत जायचं, फाट्यावर गाडी पकडायची आणि त्याच गाडीतून आपल्याच घरासमोरून पुढे जायचं. एकदा मी त्यांना खिडकीत बसून जाताना पाहिलं. माझ्याकडे पाहून त्यांनी हातही हलवला!

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण फेब्रुवारीत त्यांच्या बायकोच्या, बेबीताईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा खामगावला येऊन व्यायाम करून घ्या, नाहीतर गुडघा आखडून कायमचा तसाच राहील. आता काळी-पिवळीत पाय दुमडता येत नाही. परत रिकामं जावं लागतं म्हणून खामगावचा ऑटोवाला येत नाही. फाट्यापर्यंत चालायचा प्रश्नच नाही. राहिली एसटी, आणि ती दारासमोरून निघून जाते. तीन आठवड्यांत बेबीताई एकदाही गेल्या नव्हत्या.

"काका, एकदा हात दाखवा ना," मी म्हटलं. "कोणीतरी ओळखीचा निघेलच."

"पोरी, एकतीस वर्षं मी लोकायले नाई म्हणलं. म्हाताऱ्या बाया, बाळंतिणी, साऱ्यायले. आता माह्या बायकोसाठी हात दाखवू?"

माझी चीड दुप्पट झाली. घरी येऊन मी भांडी आपटली.

मग त्यांनी नियमाने जायचं ठरवलं. विनंती थांब्यासाठी अर्ज केला. डेपोत म्हणाले, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. ग्रामपंचायत म्हणाली, लेआउट अजून आमच्या ताब्यात नाही, लेआउटवाल्याचं पत्र आणा. लेआउटवाला फोन उचलेना. तोवर डेपोतल्या साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी नवा अर्ज मागितला. जानरावांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. इकडे बेबीताई मला पाय दाखवायच्या. "पाह्य वं रुपाली, एवढाच वाकून राह्यला."

परवा सोमवारी माझी उशिराची ड्यूटी होती. साडेनऊला मी रस्त्यावर उभी होते. जानराव फाईल घेऊन फाट्याकडे निघाले होते आणि बेबीताई वॉकर टेकत त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात नांदुऱ्याकडून एसटी आली. कोणीही हात दाखवला नाही, मीसुद्धा नाही. तरी गाडी करकचून थांबली.

"जानराव भाऊ!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "वैनीले घेऊन चालले का? चढा!"

"भागवत, इथं थांबा नाई. काढ गाडी, लोकं खोळंबले."

तोवर बेबीताईंनी वॉकर माझ्या हातात दिला होता आणि दाराचा दांडा धरला होता. कंडक्टरने वरून हात दिला, मी खालून आधार दिला. एकेक पायरी चढताना त्यांच्या तोंडून आवाज निघत होता.

"उतर!" जानराव म्हणाले. "इथून तिकीटच फाटत नाई."

"मांगच्या फाट्यापासूनचं तिकीट घेईन ना मी. मले शिकवता काय?" बेबीताई दारातून म्हणाल्या. मग दांडा न सोडताच, "तुमी येता का?"

जानराव फाईल छातीशी धरून उभे राहिले. गाडीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर झालं असतं. नाही टाकलं. मी वॉकर घेऊन चढले. कंडक्टर घुटमळला. जुन्या माणसासमोर घंटी कशी मारायची? तेव्हा बेबीताईंनीच हात वर करून दोरी ओढली. दोनदा.

मागे पाहिलं तर जानराव वळून फाट्याकडे चालायला लागले होते, पुढच्या गाडीसाठी.

बेबीताईंनी सीटवर पाय लांब केला, तिकीट ब्लाउजमध्ये खोचलं आणि पदराने डोळे पुसले.

"पुढची गाडी पावणेअकराची हाय," त्या चिडून म्हणाल्या. "अन् एवढ्या उन्हात डोक्यावर दुपट्टाबी नाई घेतला या माणसानं."